पोराच्या हाती मोबाईल

पुसद तालुक्यात बांशी नावाचे गाव आहे. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातले. नोव्हेंबर २०२२ मध्ये या गावाने एक ठराव केला. गावातल्या १८ वर्षांखालच्या मुलामुलींनी मोबाईल वापरायचा नाही, असा तो ठराव. आधी मुलांना आणि आईबापांना समजावून सांगायचे, तरीही कोणी ऐकले नाही तर दंड करायचा, असे ठरले. ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि दूरदूरच्या लोकांनी बांशीचे नाव ऐकले.

गावावर ही वेळ का आली? कोरोनाची साथ आठवा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मास्तर मोबाईलवर शिकवू लागले. ज्यांच्या घरी नुसता बोलायचा फोन होता, त्यांनी उसनवारी करून मोठा मोबाईल आणला. पोराचे शिक्षण बुडू नये, एवढाच हेतू. पुढे साथ ओसरली. शाळा उघडल्या. पण मोबाईल काही पोरांच्या हातून सुटला नाही. अभ्यास मागे राहिला. खेळ आणि व्हिडिओ पुढे आले. मुले नको ते पाहू लागली. बांशीच्या लोकांची तक्रार हीच होती, आणि ती खरी होती.

आता ठराव झाला म्हणजे काम झाले काय? आम्हाला तसे वाटत नाही. ग्रामसभा घरोघरी डोकावू शकत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप सकाळी शेतात जातात, ते दिवस मावळता घरी येतात. तोवर घरात पोर आणि मोबाईल, दोघेच. शिवाय घरचा मोबाईल काढून घेतला, तरी दोस्ताचा असतोच. आणि मोबाईलची गरजही खोटी नाही. दहावीचा निकाल त्यावर दिसतो. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यावर भरता येतो. न समजलेले गणित त्यावर पुन्हा पाहता येते. विहिरीत पडेल म्हणून कोणी विहीर बुजवत नाही. विहिरीला कठडा बांधतो, आणि पोराला पोहायला शिकवतो.

तरी बांशीने एक मोठे काम केले. घरातली गोष्ट चावडीवर आणली. त्याआधी जो तो आपल्या घरात कुरकुरत होता.

दुसऱ्या एका गावाची रीत सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्येच एक पद्धत सुरू झाली. संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घरोघरचे मोबाईल आणि टीव्ही बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो, तोवर मोबाईलला हात नाही. आम्हाला ही युक्ती अधिक आवडते. का, ते पाहा. इथे बंदी नुसती पोरांना नाही. बापाचाही मोबाईल बंद, आईचाही बंद. बाप ओसरीवर पडून दोन तास व्हिडिओ पाहणार आणि पोराला म्हणणार, "अभ्यासाला बस!" पोर ऐकेल कसे?

मोबाईल पोरांनाच फसवतो असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात काय घडले, ते विसरू नये. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. भटक्या जमातीची पाच माणसे भिक्षा मागायला तिथे आली. जमावाने त्यांनाच टोळी समजले आणि ठार मारले. मुलांच्या काळजीपोटी माणसे मोबाईलवरचा खोटा निरोप खरा मानून बसली. आलेला निरोप खरा की खोटा, हे आधी आपण तपासले पाहिजे. पोर आपल्याकडे पाहूनच शिकते.

मोबाईलच्या आत कोण असते?

मोबाईलला जगभरच्या मोबाईलांचे जाळे जोडलेले आहे. त्यालाच इंटरनेट म्हणतात. घरात बसलेले पोर या जाळ्यातून कुठल्या कुठे जाते. आपल्याला मात्र ते खाटेवर बसलेले दिसते. म्हणून आपण निर्धास्त राहतो. जत्रेत आपण पोराचे बोट सोडत नाही. इथे तर रोजच जत्रा आहे, आणि बोट धरणारे कोणी नाही.

समजा, एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा मोबाईलवर खेळ खेळतो. हे खेळ बहुतेक वेळा एकट्याचे नसतात. त्याच वेळी परगावची, परदेशचीही माणसे तोच खेळ खेळत असतात. खेळता खेळता एकमेकांशी बोलता येते. त्यातला एक जण म्हणतो, "तू तर लई भारी खेळते, गड्या!" त्याचे नाव मुलाचे, फोटोही मुलाचा. पण पलीकडे खरोखर कोण बसले आहे, हे दिसत नाही. चाळीस वर्षांचा बाप्याही असू शकतो. तो रोज गोड बोलतो. खेळातली एखादी वस्तू बक्षीस देतो. घरचे रागावले तर कैवार घेतो. मग म्हणतो, इथे नको, दुसरीकडे बोलू. मग म्हणतो, "घरी सांगू नको." मग फोटो मागतो. आधी साधा, नंतर अंगावर कपडे नसलेला. एकदा असा फोटो गेला की गोड बोलणे संपते. "पैसे पाठव, नाहीतर हा फोटो तुझ्या शाळेत पाठवतो." किंवा, "आणखी फोटो पाठव." मुलगी असेल तर, "अमुक ठिकाणी भेटायला ये."

यात "घरी सांगू नको" हे शब्द ध्यानात ठेवा. आपल्या पोरालाही ते शिकवून ठेवा. जो माणूस लेकराला म्हणतो की आईबापांना सांगू नको, तो चांगला माणूस नव्हे. मग तो मोबाईलवरचा असो की गावातला, अनोळखी असो की नात्यातला.

हल्ली तर आणखी एक अघोर प्रकार निघाला आहे. साध्या फोटोवरून खोटा उघडा फोटो तयार करता येतो. चेहरा आपल्या मुलीचा, अंग दुसऱ्याचे. मुलीने काहीही केलेले नसते. आपणच तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो स्टेटसला ठेवलेला असतो. नाव, शाळा, गाव, सगळे त्यात दिसते. कौतुक खुशाल करावे. पण असा फोटो सगळ्या जगाला दाखवू नये.

पोर गप्प का राहते?

आमच्या मते सगळ्या गोष्टीचे मूळ इथे आहे. धमकी आली की पोर मनात हिशेब करते. "बापाला सांगितलं तर मार बसंल. मोबाईल जाईल. पोट्टीची जात म्हणून शाळाच बंद करतील. कदाचित लग्न लावून देतील." हा हिशेब चुकीचा नसतो. आपल्या भागात असे होते, हे आपण सारे जाणतो. मग पोर गप्प राहते. आईच्या डब्यातले पैसे चोरते. आणखी फोटो पाठवते. जेवत नाही, झोपत नाही. कधी जिवाचे बरेवाईट करून घ्यायला निघते. त्या पलीकडच्या हरामखोराला हे चांगले ठाऊक असते. त्याचा सगळा धंदा तुमच्या रागावर चालतो. तुम्ही रागावणार याची त्याला खात्री असते, म्हणूनच त्याच्या धमकीत जोर असतो.

तेव्हा धमकी येण्याच्या आधीच, एखाद्या निवांत वेळी, पोराला जवळ बसवून सांगा. "मोबाईलवर काही वंगाळ झालं, तुयाकडून चूक झाली, तरी मले पयले सांग. मी मारणार नाही. तुई शाळा बंद करणार नाही." एकदा सांगून भागत नाही. चार वेळा सांगा. आणि सांगितले तसे वागा. पोराने लहानशी चूक कबूल केली आणि आपण थोबाडीत दिली, तर पुढची मोठी गोष्ट ते आपल्याला सांगणार नाही.

मुलीच्या बाबतीत तर हे दुपटीने सांभाळावे. मुलाच्या हाती दिवसभर मोबाईल, आणि मुलीने हात लावला तर संशय, असे पुष्कळ घरांत चालते. तिला मग मोबाईलची रीतभात कळतच नाही. लपूनछपून वापरते आणि लवकर फसते. फसली तरी गुन्हा फसवणाऱ्याचा आहे. तिची शाळा बंद करणे म्हणजे चोर सोडून घरधन्याला शिक्षा करणे होय.

कासरा कसा धरावा?

"आमाले काय समजते त्यातलं? पोट्टंच आमाले शिकवते," असे आमच्या वर्गात एक माउली म्हणाली. बरोबर आहे तिचे. पण नवा गोऱ्हा गाडीला कसा शिकवतात, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्याला एकदम मोकळा सोडत नाहीत, आणि जन्मभर खुंट्यालाही बांधत नाहीत. जुन्या, जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात. सुरुवातीला कासरा आखडून धरतात. तो रुळला की हळूहळू सैल सोडतात. पोराच्या वयाप्रमाणे मोबाईलचेही तसेच करायचे आहे. आठ वर्षांच्या पोराला मोबाईल द्यायचा तो आपल्याजवळ बसवून. पंधरा वर्षांच्या मुलावर तशी पाळत ठेवून चालत नाही. तिथे विचारपूस आणि विश्वास.

जोडीला बसायचे म्हणजे काय, तर पोराला म्हणायचे, "तू कोणता खेळ खेळते? मले दाखव. कोणासंगं खेळते? हा कोण हाय? याले तू डोळ्यांनी पाह्यलं काय?" पोर हौसेने दाखवते. चौकशी झडतीसारखी वाटू नये. हौसेने विचारले की हौसेने सांगते.

आता तुम्हाला वाचता येते. त्याचा इथे फार उपयोग आहे. मोबाईलमध्ये 'सेटिंग' नावाची जागा असते. तिथे भाषा बदलता येते. मराठी निवडली की मोबाईलवरच्या बऱ्याच सूचना मराठीत दिसू लागतात. 'परवानगी द्या' असे शब्द आले की थांबा आणि वाचा. कशाची परवानगी? कॅमेऱ्याची? माइकची? आपण कुठे आहोत ते कळवण्याची? साध्या खेळाला हे सारे कशाला हवे? नको असेल तिथे 'अनुमती देऊ नका' वर बोट ठेवा.

नवा खेळ किंवा नवे अ‍ॅप मोबाईलमध्ये घ्यायच्या जागेला प्ले स्टोअर म्हणतात. तिथे प्रत्येक खेळाजवळ वयाचा आकडा लिहिलेला असतो. ३, ७, १२, १६ किंवा १८, आणि पुढे अधिकची खूण. १६ लिहिले असेल तर तो खेळ १० वर्षांच्या पोरासाठी नाही. हे आकडे बहुधा इंग्रजी वळणाचे असतात. तेवढे ओळखायला शिका. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम यांच्या कंपन्यांनीच १३ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली आहे. पण मुले जन्मवर्ष खोटे लिहितात. कधी थोरला भाऊच लिहून देतो.

गूगलचे 'फॅमिली लिंक' नावाचे अ‍ॅप आहे. ते बसवले की आईबापांना आपल्या मोबाईलवरून पोराच्या मोबाईलचा वेळ ठरवता येतो, रात्री तो बंद करता येतो, नवे अ‍ॅप घेण्याआधी आपली मंजुरी लागते. ज्या घरी पोराचा मोबाईल वेगळा आहे, त्यांनी शाळेतल्या मास्तरांकडून किंवा जाणत्या माणसाकडून ते बसवून घ्यावे. बहुतेक घरी एकच मोबाईल असतो. ते एका परीने बरेच आहे. रात्री झोपताना तो आईच्या उशाशी राहील, पोराच्या अंथरुणात नाही, एवढा नेम केला तरी पुष्कळ काम होते.

पैशाचेही सांगायला हवे. पीएम-किसानचे २००० रुपये, पीकविम्याची रक्कम, कापसाची पट्टी, सारे आता खात्यात येते. आणि खाते मोबाईलला जोडलेले असते. खात्याचा पिन पोराला सांगू नये. "आमाले जमत नाही, तूच कर" म्हणून पिन त्याच्या हवाली केला जातो, तिथेच घात होतो. आपल्या खात्यात पैसे यायला पिन टाकावा लागत नाही. "बक्षीस लागलं, पिन टाक" असे कोणी म्हटले की तो चोर समजावा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून मनाई केली आहे. तरी "शंभर लावा, हजार मिळवा" असे आमिष दिसले, तर तो जुगारच आहे.

सगळा भार आईबापांवरच का, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलिया देशाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक अशा ठिकाणी खाते उघडायला बंदी केली, आणि ती पाळण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. मुलांना किंवा आईबापांना तिथे दंड नाही. आपल्या देशातही २०२३ मध्ये कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी कंपनीने आईबापांची संमती घ्यावी, असे त्यात आहे. कायदे व्हावेत, कंपन्यांना वेसण घालावी. पण तोवर पोर काही वाढायचे थांबत नाही.

झालेच काही, तर?

पोराने येऊन सांगितले, "माय, मले एक सांगाचं हाय." ऐकून तुमच्या पायाखालची जमीन सरकेल. तरी पहिला शब्द शिवीचा नको. म्हणा, "तू मले सांगतलं, बरं केलं. आता आपून दोघं मिळून पाहू."

मोबाईलमधले काही पुसू नका. लाजेपोटी लोक सगळे पुसून टाकतात आणि पुरावाच जातो. त्या माणसाचा नंबर, नाव, धमकीचा मजकूर तसाच राहू द्या. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. तो फोटो कोणालाही पाठवू नका. "याले पकडा" म्हणून गावाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. मुलांचे असे फोटो पुढे पाठवणे हा पाठवणाऱ्याचाही गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे त्याला पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

१०९८ हा नंबर मुलांच्या मदतीसाठी आहे. दिवसा, रात्री केव्हाही लावावा. पैसे पडत नाहीत. पोर स्वतःही लावू शकते. खात्यातले पैसे गेले असतील तर १९३० हा नंबर. तो लगेच लावावा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे कठीण. जिवाला धोका असेल तर ११२.

पोलिसांकडे जायला माणसे भितात. "गावात बोभाटा होईल, पोट्टीचं नाव जाईल." म्हणून कायदा काय म्हणतो ते ऐका. मुलांना लैंगिक छळापासून वाचवण्यासाठी २०१२ मध्ये कायदा झाला. त्याला पोक्सो म्हणतात. त्याप्रमाणे मुलाचे किंवा मुलीचे नाव उघड करता येत नाही. जबाब घरी किंवा मुलाला आवडेल अशा जागी घ्यायचा असतो, आणि होईल तितके करून बाई अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. जबाब घेताना अंगावर पोलिसाचा गणवेश नसावा. लेकराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे सारे तुमच्या लेकराचे हक्क आहेत. ठाण्यात गेल्यावर ते मागता येतात. असा गुन्हा माहीत असून कळवला नाही, तर तोही या कायद्याने गुन्हा ठरतो. म्हणून गावातल्या चार माणसांनी बसून, पैसे घेऊन प्रकरण मिटवायचे, हा मार्ग नाही.

पुढच्या वर्गाला येताना घरचा मोबाईल बरोबर आणा. त्याची भाषा मराठी कशी करायची, ते आपण करून पाहू. 'परवानगी', 'अनुमती', 'वय', 'अवरोधित करा' हे शब्द पडद्यावर शोधून वाचू. १०९८ आणि १९३० हे नंबर नावानिशी मोबाईलमध्ये लिहून ठेवू, आणि ज्याच्या घरी भिंत सारवलेली असेल त्याने ते कोळशाने भिंतीवरही लिहावेत. पोराला बरोबर आणले तरी चालेल. कुठे बोट ठेवायचे ते त्याला येतेच, वाचायचे तुम्ही.